दारात सापडलेलं बोट

रक्ताचा डाग थंड पाण्यानं जातो. गरम पाणी पडलं की तो कापडात घर करतो. मग घासा, आपटा, उन्हात टाका, निघत नाही. उर्वशीला हे कुणी शिकवलं नव्हतं. सासरच्या उशांच्या अभ्र्यांनी शिकवलं होतं.

म्हणून त्या दुपारी देवरावांच्या पूल हॉलमध्ये सगळे ओरडत असताना ती एकटी माठाकडे गेली. आर्णीच्या बसस्थानकामागं, बी-खताच्या दुकानाच्या डोक्यावर तो हॉल. वर टिन, आत दोन टेबलं आणि एक घरघरणारा कूलर. त्यातल्या एका टेबलाच्या हिरव्या कापडावर बाभुळगावच्या एका पोराची भुवई फुटली होती. फोडणारा आर्णीच्याच टीमचा गडी. तो क्यूची अर्धी तुटलेली काठी घेऊन जिन्याच्या तोंडाशी उभा राहून म्हणत होता, "ये ना बे. आता म्हण. आता म्हण झडती."

भांडण झडतीवरून झालं होतं.

पोळ्याला बैल तोरणाखाली उभे राहिले की आपल्याकडं झडत्या होतात. एकानं दोन ओळींचा टोमणा फेकायचा, समोरच्यानं दोन ओळींतच तो परतवायचा, आणि दोघांनी हसायचं. देवराव त्यातले गाजलेले. त्यांची झडती ऐकायला शेजारच्या गावचे लोक बैल सोडून यायचे. त्यांनी हौशी पोरांची पूल लीग काढली, आर्णी, बाभुळगाव, मुकुटबन अशी गावोगावची, तेव्हा ती रीत टेबलापर्यंत आणली. पहिला ब्रेक मारण्याआधी दोन्ही टीमनी एकेक झडती म्हणायची. पोळ्याची झडती 'हर हर महादेव'नं संपते, पण टेबलावर सगळ्याच घरांतली पोरं येत, म्हणून शेवटी महादेवाचं नाव न घेता देवरावांनी आपली एक आरोळी घातली: फोड गड्या फोड. तिकोनात रचलेले बॉल फोडायचे, एवढाच तिचा अर्थ. पण उन्हाळ्यात माणसाच्या डोक्यात काय रचलेलं असतं, ते कुणी पाहिलं आहे.

देवरावांनी क्यूचा तुटका तुकडा त्या गड्याच्या हातातून काढून घेतला. साठी ओलांडलेला माणूस, पण मनगट अजून पेरणीची तिफण धरणाऱ्याचं होतं.

"चाल, घरी जाय. उद्यापासून येऊ नको."

"काका, त्यानं माह्या मायवर..."

"झडतीचं उत्तर झडतीनं. येत नसन त हसायचं. हात उचलला तो लीगच्या बाहेर. माहा सख्खा भाऊ असन तरी बाहेर, आन् जलमभर बाहेर. ऐकलं का सगळ्यायनं?"

सगळ्यांनी ऐकलं. उर्वशी टेबलावर वाकून ओल्या फडक्यानं डाग टिपत होती. घासत नव्हती, टिपत होती. तिनं मान वर न करता विचारलं,

"काका, मंग आपल्या टीममधी एक जागा खाली झाली ना?"

कुणीतरी फिस्सकन हसलं.

सासर सोडून आल्यापासून ती हॉलवर कामाला होती. सकाळी कुलूप काढायचं, झाडायचं, कापडावर एकाच दिशेनं ब्रश फिरवायचा, खडूचे तुकडे लाकडी चौकटीवर मांडायचे. गिऱ्हाईक यायच्या आधीचा तो वेळ. खिडकीतून ऊन टेबलावर उतरायचं, आणि तिला वाटायचं, एवढं हिरवं, एवढं सपाट, एवढं गप्प रान आपण कुठंच पाहिलं नाही. एक दिवस तिनं क्यू उचलला. मग रोज उचलू लागली. बॉल खड्ड्यात पडताना जो आवाज होतो, विहिरीत दगड पडावा तसा, तो तिला झोपेतही ऐकू येई.

"तू खेळतं?" देवरावांनी विचारलं.

"खेळतो मी." वऱ्हाडी बाया स्वतःला 'खेळतो'च म्हणतात, तशीच ती बोलली, पण मान ताठ होती.

"संघदीप, लाव एक डाव हिच्यासंगं."

संघदीपचं बसस्थानकासमोर मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. लहान स्क्रू हाताळणारी बोटं, टीममधला सगळ्यात नेमका हात. तो तिला ताई म्हणायचा आणि हरायला आवडत नाही, असं तोंडावर सांगायचा.

उर्वशी वाकली. डावा हात कापडावर टेकवला, आणि हॉलमधल्या पोरांनी पहिल्यांदा ते बोट पाहिलं. अंगठ्याजवळचं. मधल्या सांध्यातून बाहेर वळलेलं, वाढताना तारेला अडून वाकड्या झालेल्या फांदीसारखं. त्या वाकणात क्यू असा बसला की जणू त्याच्यासाठीच खाच केली होती.

डाव रंगला. तिचा शेवटचा बॉल उरला होता, नंतर काळा. संघदीप घाम पुसत होता. उर्वशीनं मारला, बॉल गेला. पोरांनी टाळी द्यायला हात उचलले, तेवढ्यात ती म्हणाली,

"फाउल. माहा दुपट्टा लागला पांढऱ्याले."

"कोणाले दिसलं?" एकानं विचारलं.

"मले दिसलं ना."

संघदीपनं पुढचे दोन बॉल टाकले आणि डाव जिंकला. क्यू ठेवताना तो देवरावांना म्हणाला, "काका, घेऊन टाका. असा मानूस टीममधी असला का झोप लागते."

देवरावांनी मिशीवरून हात फिरवला. "आपला फाउल आपण सांगणारी पोरगी पायली नोती मी. ये रविवारी. दुपट्टा बांधून ये."

घरी आई, मैनाबाई, तूर निवडत बसली होती. तिनं ऐकलं आणि सुपातून मान काढली नाही.

"त्या बोटानं खेळशीन?"

"त्याच बोटानं."

मैनाबाईनं एक खडा उचलून अंगणात फेकला. "तो आयकन त येईन."

तो म्हणजे बबलू. उर्वशीचा नवरा, बाभुळगावचा, ट्रॅक्टर चालवणारा. फारकत झाली नव्हती. तो देत नव्हता. एकदा उर्वशी फोनवर मैत्रिणीशी बोलताना मोठ्यानं हसली. एवढंच. त्यानं फोन भिंतीवर मारला, मग तिचा डावा हात धरला, आणि ते एक बोट उलटं केलं. तुरीची वाळकी तुराटी मोडावी तसा आवाज झाला. कोरडा. ती ओरडली नाही, कारण आवाज ओळखायलाच तिला वेळ लागला.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कसं झालं?"

बबलू खाटेपाशी उभा होता. तिच्या केसांत हात घालून, प्रेमानं उभा राहावं तसा.

"दारात सापडलं," उर्वशी म्हणाली. "चुकून."

पुढं नणंदेनं विचारलं, शेजारणीनं विचारलं, आईनं विचारलं. दरवेळी तेच दार, तेच चुकून. इतक्यांदा म्हटलं की कधीकधी तिला ते दार दिसू लागे. निळ्या रंगाचं, कडी सैल असलेलं. बोट जुळलं, पण वाकडं. आणि ते चुकून मात्र तिच्या घशात तसंच राहिलं, माशाच्या काट्यासारखं. धड गिळता येत नाही, धड काढता येत नाही.

उर्वशीचा पहिला सामना मुकुटबनशी झाला. त्यांचा कॅप्टन चांगला पोटाचा गडी होता. संघदीपनं झडती टाकली:

"मुकुटबनचा मोटा गडी, टेबलावर टेकलं पोट,
बॉल काई हालला नाही, हालला निस्ता ओठ!
फोड गड्या फोड!"

गड्यानं पोटावर थाप मारली आणि परतवली:

"पोट माहं घरच्या तुरीचं, वरण खातो दाट,
तुह्या घरी पाव्हणा दिसता धरते मागची वाट!
फोड गड्या फोड!"

हॉल हसून फुटला. उर्वशीही हसली. मोठ्यानं. हसून झाल्यावर तिनं सवयीनं दाराकडं पाहिलं, आणि दारात कुणी नव्हतं. त्या दिवशी तिनं दोन डाव जिंकले. घरी जाताना रस्ता पायाला लागत नव्हता.

मग बातमी बाभुळगावला पोचली, आणि पुढच्या रविवारी बबलू बाभुळगावच्या टीममध्ये नाव घालून आला. फुटक्या भुवईच्या पोराच्या जागी. तो खेळायचा बरा. तिथल्या बाजारात एक टेबल होतं, त्यावर हात साफ केलेला.

उर्वशी जिना चढत होती. तो वरून उतरत होता. मधल्या पायरीवर त्यानं तिची वेणी धरली.

"क्यू धरतं? पोट्ट्यायसमोर वाकतं? हे शिकवलं तुह्या मायनं?"

"सोड."

त्यानं सोडली नाही, उलट वेणीचा पीळ मनगटाला दिला आणि दुसऱ्या हातानं थोबाडीत मारली. तिचं डोकं लोखंडी कठड्यावर आपटलं. जिना घंटेसारखा वाजला. दुसरी बसली, तेव्हा ओठ फुटला. तिसरी मारताना त्याच्या अंगठीनं गालावर रेघ ओढली. खाली बी-खताच्या दुकानात उभी माणसं वर पाहत होती. कुणाच्या हातात बियाण्याची पिशवी, कुणाच्या तोंडात खर्रा. कुणी पायरी चढलं नाही.

संघदीप वरून धावत आला, क्यू उलटा धरून, जाड बाजू पुढं. डोळे असे की आता एक माणूस मरणार. उर्वशीनं रक्तानं भरल्या तोंडानंच त्याला आडवा हात घातला.

"खाली ठेव."

"ताई, सरक."

"ठेव म्हनलं ना. तू बाहेर होशीन. मंग टीम कोण खेळन?"

त्याचा क्यू हळूहळू खाली आला. बबलू हसला, शर्ट झाडला आणि वर जाऊन पाणी प्याला.

देवरावांनी दोन्ही टीमना बसवलं. "यानं हात उचलला. बाहेर."

बाभुळगावचा कॅप्टन शहाण्यासारखा बोलला. "काका, पहिली गोष्ट, जिना म्हंजे हॉल नोहे. दुसरी गोष्ट, ते नवराबायको हायेत. उद्या घरी भांडे आदळले, तेबी तुमी लीगमधी धरसान का? नवराबायकोचं धरत नाहीत."

पाचपन्नास माना हलल्या. बरोबर हाय, धरत नाहीत. देवरावांनी मिशीला हात लावला, खाली घेतला, पुन्हा लावला. आयुष्यभर दोन ओळींत उत्तर देणारा माणूस. त्या दिवशी त्याला एक ओळ सापडली नाही.

"बरं," ते म्हणाले. "नाही धरत."

उर्वशी कोपऱ्यात माठापाशी होती. ओठावरचं फडकं तिनं थंड पाण्यात बुडवलं, पिळलं, पुन्हा ओठावर ठेवलं. तिनं देवरावांकडं पाहिलं. त्यांनी टेबलाकडं पाहिलं.

मैनाबाई म्हणाली, "सोडून दे ते. जीव जाईन."

"ते सोडलं त माह्याजवळ काय रायते, माय?"

मैनाबाई उठली. तिनं हळद तेलात कालवली आणि लेकीच्या गालावरच्या रेघेवर लावली. लावताना ती पुटपुटत होती, गाणं म्हणावं तसं, पण गाणं नव्हतं. त्या रेघेला शिव्या होत्या.

मे संपत आला तेव्हा शेवटचा सामना लागला. आर्णी आणि बाभुळगाव. टिन इतकं तापलं होतं की वर कावळा टेकला तरी त्याचे पाय पोळल्यासारखे वाजत. टाकीचं पाणी चहासारखं. लोक खिडक्यांत, जिन्यावर, एकमेकांच्या खांद्यांवर. डाव बरोबरीत आले आणि शेवटचा उरला: उर्वशी आणि बबलू.

ब्रेकच्या आधी बबलूनं झडती म्हटली. त्याचा आवाज चांगला होता. तो नेहमीच चांगला होता. लग्नात त्यावरच भाळले होते सगळे.

"वाळल्या पऱ्हाटीले बोंड येत नाही,
पळून गेल्या बायकोले तोंड राहत नाही!
फोड गड्या फोड!"

हशा झाला, पण कच्चा. अर्धाच शिजलेला. सगळे उर्वशीकडं बघू लागले. रीत होती, उत्तर द्यायचं किंवा हसायचं. ती हसली नाही. तिनं डावा हात वर केला, ते वाकडं बोट सगळ्यांना दिसेल असा, आणि बायका जात्यावर धरतात तशा सुरात, सावकाश, दोनाच्या चार ओळी करत म्हणाली:

"दार म्हणते, बाई, मी तं उघडंच होतं,
बोट म्हणते, मी तं तुह्या मुठीत होतं.
मोडलं कोणं ते सांगेना तोंड,
आज बॉलच सांगन, फोड गड्या फोड."

शेवटची ओळ तिनं ओरडून म्हटली नाही. कुणीच ओरडलं नाही. मैनाबाई जिन्याच्या तोंडाशी बसली होती. तिनं पदर तोंडात कोंबला. दार कोणतं, हे तिला तेव्हा कळलं. नाही, कळलं आधीच होतं. ऐकू तेव्हा आलं.

बबलूचा चेहरा काळवंडला. त्यानं ब्रेक असा मारला की एक बॉल टेबलाबाहेर उडून भिंतीवर आपटला आणि पोपडा पडला. नंतरही तो बॉल मारत नव्हता, बॉलला मारत होता. उर्वशी मात्र वाकायची, बोटाच्या वाकणात क्यू ठेवायची, श्वास सोडायची. तिचे बॉल एकेक करून विहिरीत दगड पडावेत तसे पडत गेले. शेवटी काळा उरला. कोपऱ्यातल्या खड्ड्याच्या सरळ रेषेत. पांढराही सरळ. एवढा सोपा बॉल संघदीपच्या दुकानाशेजारच्या चहावाल्यानंही घातला असता.

बबलू चालत त्या कोपऱ्यात गेला. खड्ड्याच्या काठावर त्यानं उजवा हात टेकवला, बोटं आत लोंबकळत. आणि तिच्याकडं पाहत राहिला, घरी बघायचा तसा.

"हात काढ," उर्वशी म्हणाली.

"काहून? घाबरली?"

देवराव म्हणाले, "बबलू, हात काढ."

"काका, मी काई करून नाही राह्यलो. उभा हाव. उभं रायनं बी बंद हाय का?"

"हात काढ," उर्वशी पुन्हा म्हणाली.

"तू बॉल घाल ना. तुह्यात दम नाही. कधीच नोता." मग तिला एकटीला ऐकू जाईल असं, पण सगळ्यांना ऐकू गेलं, "घरी चाल. दुसरं बोट बाकी हाय."

उर्वशी वाकली. हळू मारला असता तर काळा त्याच्या बोटांना टेकून थांबला असता. देवरावांनी बबलूचा फाउल दिला असता. डाव तिचा, लीग आर्णीची. हे तिला माहीत होतं. संघदीपलाही माहीत होतं. तो ओठांतल्या ओठांत म्हणत होता, हळू ताई, हळू.

तिनं उजवा कोपर मागं नेला. आजवर कधी नेला नव्हता एवढा मागं. त्या कोपरात जिना होता, कठडा होता, फोनचे भिंतीवरचे तुकडे होते, अभ्रे होते. आणि तिनं मारला.

काळा दिसलाच नाही. आवाज तेवढा आला. तुराटी मोडल्याचा. कोरडा.

बबलू आधी ओरडला नाही. आवाज ओळखायला त्यालाही वेळ लागला. मग त्यानं हात वर घेतला. दोन बोटं चुकीच्या बाजूला बघत होती, एकाचं नख उभं राहिलं होतं आणि रक्त कोपरापर्यंत ओघळत होतं. तेव्हा तो गुडघ्यांवर बसला आणि हंबरला. बाभुळगावची पोरं टेबलावरून उड्या मारत आली. संघदीप मधे पडला, त्याच्या पाठीत खुर्ची बसली, कूलर आडवा झाला, पाणी फरशीवर पसरलं. कुणी कुणाचा गळा धरला होता, ते धरणाऱ्यालाही माहीत नव्हतं. देवराव मोकळ्या टेबलावर चढले आणि त्यांनी पोळ्याच्या मैदानात मारायचे तशी आरोळी दिली, नुसती, शब्दाविना. सगळे थांबले.

धापा ऐकू येत होत्या, आणि बबलूचं कण्हणं.

"उर्वशी," देवराव म्हणाले. घाम त्यांच्या मिशीतून टपकत होता. "आपल्या इथं आपला फाउल आपणच सांगतो. तुले विचारतो. चुकून लागला ना?"

सगळा हॉल त्या एका शब्दावर टेकून उभा होता. चुकून. एवढंच म्हणायचं होतं. त्याला हात काढायला सांगितलं होतं, सगळ्यांनी ऐकलं होतं. चुकून म्हटलं की लीग तिची, टेबल तिचं, रविवार तिचे.

"चुकून म्हण ताई," संघदीप पाठ धरून पुटपुटला. मग मोठ्यानं म्हणाला, "आन् नाही म्हनलं तरी काय? नवराबायकोचं धरत नाहीत. तुमीच म्हनलं होतं ना? मंग?"

मागं कुणीतरी हसलं. देवरावांच्या चेहऱ्यावर सुटकेसारखं काहीतरी आलं. त्यांना त्यांची ओळ सापडली होती. "हो. तसंच ठरलं होतं. नवराबायकोचं नाही धरत."

उर्वशीनं क्यू टेबलावर आडवा ठेवला. तिच्या घशातला काटा तिला जाणवला, इतक्या वर्षांनी, जागेवरून हललेला.

"चुकून नाही काका. जाणून मारला. पाहून मारला."

"पोरी, मी तुले..."

"आन् धरा. माहंबी धरा, त्याचंबी धरा. जिन्यावरचं धरा. मी हात उचलला, मी बाहेर. त्यानं उचलला, तो बाहेर. पन धरा."

देवराव टेबलावरच उभे होते. वरून ते मोठे दिसायला हवे होते, दिसत नव्हते. त्यांनी बबलूकडं पाहिलं, मग जिन्याकडं, मग तिच्याकडं.

"धरलं," ते म्हणाले. आवाज फुटका होता. "त्याचं त्या दिवशीच धरायले पायजे होतं. दोघंबी बाहेर. जलमभर."

बाभुळगावच्या पोरांनी बबलूला उचललं. जिना उतरताना कुणीतरी त्याला विचारलं, "दवाखान्यात काय सांगू बे?" तो काय म्हणाला ते वर ऐकू आलं नाही.

हॉल रिकामा झाला. मैनाबाई उठून आत आली आणि पहिल्यांदाच त्या हिरव्या कापडाला हात लावून पाहिला. कोपऱ्यापाशी डाग पसरला होता, बोराएवढ्या थेंबांचा. संघदीप बादली घेऊन टाकीच्या नळाकडं निघाला.

"तिकडचं नको," उर्वशी म्हणाली. "ते तापलं हाय. माठातलं आण."

तिनं बाह्या वर केल्या. फडकं बुडवलं, पिळलं, आणि वाकून डाग टिपू लागली. घासत नव्हती, टिपत होती.